रिमिक्सने गाणं मरत नाही

रिमिक्स म्हणजे मूळ गाण्याची मोडतोड, हे मला अजिबात पटत नाही. 'एव्हरीथिंग बट द गर्ल' या ब्रिटिश जोडीचं 'मिसिंग' ऐका. १९९४ चं मूळ गाणं शांत, एकाकी. डीजे टॉड टेरीने १९९५ मध्ये त्याखाली हाऊसचा, म्हणजे चार सरळ ठोक्यांच्या नृत्यसंगीताचा, ठेका घातला आणि ते जगभर गाजलं. गायिका ट्रेसी थॉर्नच्या आवाजातली हुरहूर मात्र जिथल्या तिथे! उलट ठेक्यावर ती जास्तच टोचते.

माझं बालपण सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खटखटाटात गेलं. रात्रपाळीच्या त्या लयीतच झोप लागायची. म्हणून असेल, पण चार ठोक्यांचा सरळ ठेका मला कधी कंटाळवाणा वाटला नाही.

आणि अशाच ठेक्यावरचं, संगीतकार रॉबर्ट माइल्सचं 'चिल्ड्रन'! त्यातला पियानो सुरू झाला की आजही हातातलं काम थांबतं. हेडफोन लावूनच ऐका.