व्हायवा झाली, डॉक्टर झाले. आता पोस्ट-डॉक की नोकरी?

दीपकाडी
मंगळवारी पीएचडीची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाली. विषय: रत्नागिरीच्या कातळसड्यांवरच्या (जांभ्याच्या उघड्या पठारांवरच्या) पावसाळी वनस्पती. पाच पावसाळे मानेत छत्री धरून चौकटीतली गेंदाची फुलं मोजली, आणि बाहेरच्या परीक्षकांचा पहिला प्रश्न काय? तक्ता ४.३ची बेरीज. चुकली होतीच. घशाला कोरड पडली. पाऊण तासाने "अभिनंदन, डॉक्टर" ऐकलं तेव्हा डोक्यात एवढंच, की वडे गार झाले असणार.

पर्यावरण अहवाल करणाऱ्या एका कंपनीत कायमची नोकरी चालून आलीय. माझे गाईड, सर, म्हणतात पोस्ट-डॉक (पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधन) कर, नाहीतर सगळं पाण्यात. माझं मन नोकरीकडे. वय ३४, राष्ट्रीय पोस्ट-डॉक फेलोशिपला मर्यादा ३५ची, घरावर कर्ज. चुकतेय का?

सह्यकडा
आधी अभिनंदन, मग भांडण. हो, चुकताय. त्या अहवालाचे पैसे कोण देतं? प्रकल्पवालाच. वर तो अभ्यास बहुतेक वेळा पावसाळा सोडून एकाच हंगामाचा. मार्चमध्ये सड्यावर काय दिसणार, करपलेलं गवत! 'ओसाड जमीन' लिहिलेल्या कागदाखाली तुमची डॉक्टरेट शोभेला लागेल. आणि वयाचं म्हणाल तर महिलांना पाच वर्षांची सवलत आहे, जाहिरात नीट वाचा.

तासिकावाली
सह्यकडा, भरल्या पोटी दिलेला सल्ला वाटतो हा. मी सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा), पीएचडी, आणि नऊ वर्षं कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. शिकवले तेवढ्या तासांचेच पैसे. मे महिन्यात शून्य. २०२३ मध्ये यूजीसीने सहायक प्राध्यापकासाठी पीएचडी ऐच्छिक केली, नेट-सेट पुरे. मग पोस्ट-डॉक करायची ती कोणत्या खुर्चीसाठी? दीपकाडी, नोकरी घे बाई. एक तारखेला पगार जमा होतो म्हणजे काय होतं ते मला येऊन सांग.

बर्फातला कोकणी
जर्मनीत तिसरं कंत्राट चालू आहे माझं. इथेही पीएचडीनंतर अशी मुदतीची कामं साधारण सहा वर्षं, मग कायम जागा नाहीतर गाशा गुंडाळा. तरी माझं मत पोस्ट-डॉकलाच. गाईडच्या सावलीतून बाहेर पडून आपला प्रश्न आपण निवडतो, तो पहिल्यांदा इथे. दोन वर्षं कंपनीत गेली की पेपर आटतात, आणि परत यायचं म्हटलं तर कुणी विचारत नाही.

तासिकावाली
युरोतलं कंत्राट आणि रुपयातली सीएचबी, एका तागडीत कशी घालता हो?

सह्यकडा
तेवढं मान्य. पण पोटाचा प्रश्न खरा आहे म्हणून अहवाल खरा होत नाही.

दीपकाडी
पण सह्यकडा, दीपकाडी (जिचं नाव मी इथे घेतलंय ती सड्यावरची वनस्पती) ओळखणारं माणूसच कंपनीत नसेल तर 'ओसाड' खोडायचं कुणी? काल त्यांना फोन केला, ती फुलते तेव्हा जून-जुलैत सड्यावर जाऊ द्याल का म्हणून. "बघू" म्हणाले. लेखी मागितलंय. सरांना अजून बोललेले नाही. प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) चढायच्या आधी तक्ता ४.३ दुरुस्त करून त्यांची सही घ्यायचीय.