मदत हवी आहे: तरुण संघाच्या सेवा-सहलीत मुलांना कोणतं काम द्यावं?

आमच्या चर्चच्या तरुण संघातली वीसेक मुलं-मुली सेवाकार्यासाठी मोठ्या शहरात न्यायची आहेत. निम्म्याहून जास्त १८ वर्षांखालची. मुक्काम तिथल्याच एका चर्चच्या सभागृहात, मुलामुलींची झोपायची व्यवस्था वेगळी, सोबत दोन पुरुष आणि दोन स्त्रिया. पालकांची लेखी संमती, औषधं, अ‍ॅलर्जी हे सगळं घेऊन झालंय, त्यामुळे तो भाग सोडा.

अडलंय ते कामावर. बालगृहात विचारलं, तर चार दिवसांसाठी येणाऱ्यांना ते मुलांमध्ये मिसळू देत नाहीत. बरोबरच आहे म्हणा, लळा लावून निघून जाण्यात त्या मुलांचं काय भलं? बेघरांच्या निवाऱ्यात स्वयंपाकघरात सज्ञानच हवेत. एका संस्थेने भिंत रंगवायला सुचवली, पण दर सुट्टीत कोणीतरी तीच भिंत रंगवून जातं असं कळलं. फोटोपुरती सेवा आम्हाला नको, पाळकसाहेबांनाही नको.

धान्य-कपड्यांची वर्गवारी, पाकिटं भरणं अशी पडद्यामागची कामं चालतील. धर्मप्रचार करायचा नाही, हे ठरलेलं आहे. परीक्षांमुळे तारखा बदलता येणार नाहीत.

ज्यांनी असे गट नेलेत, किंवा संस्थेच्या बाजूने सांभाळलेत, त्यांना विचारायचंय: १४ ते १७ वयाच्या मुलांकडून चार दिवसांत संस्थेचा भार खरोखर हलका होईल असं कोणतं काम होतं, आणि होकार देण्याआधी संस्थेला नेमकं काय विचारून घ्यावं?