मदत हवी आहे: घरचा कॉम्प्युटर फारच रखडतो, आधी रॅम वाढवू की एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घेऊ?

नमस्कार मंडळी. घरच्या डेस्कटॉपला ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब आणि सोबत एक्सेलची एक फाइल उघडली की माउसचा बाणसुद्धा अडकत अडकत सरकतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली. रॅम भरली की विंडोज उरलेला डेटा डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकतं, त्यामुळेच हे होत असावं, एवढं कळलंय.

खरा वैताग दुरुस्तीचा आहे. काल चेकडिस्क (डिस्कमधल्या चुका शोधणारं विंडोजचं साधन) लावली, तर रात्रभर एकाच आकड्यावर अडकून. मुलीचा प्रोजेक्ट याच कॉम्प्युटरमध्ये आहे, तिचा चेहरा बघवत नाही. स्टार्टअपमधले नको ते प्रोग्राम बंद केले, टेम्प फाइल्स काढल्या, फरक शून्य.

आधी एसएसडी घ्यावी की रॅम ८ जीबी करावी? मदरबोर्ड डीडीआर३ (रॅमचा एक जुना प्रकार) चा आहे, म्हणजे रॅमही त्याच प्रकारची शोधावी लागणार. शिवाय विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मग विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघू का? आणि डिस्कच मरायला टेकली असेल तर ते नक्की कसं ओळखायचं? कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.