झिर्कोनिया सिंटरिंग: मायक्रोवेव्ह फर्नेस घ्यावी का?

दंतलॅब_सांगली
आमची छोटी डेंटल लॅब आहे. झिर्कोनियाच्या (दातांसाठीच्या पांढऱ्या सिरॅमिकच्या) कॅप मिल करून, त्या तापवून घट्ट करायला (सिंटरिंग) रात्री फर्नेस लावतो. 1500 अंशांवर दोन तास होल्ड, चढउतार धरून आठेक तास जातात. डॉक्टरांना आता त्याच दिवशी कॅप हवी असते. एक विक्रेता मायक्रोवेव्ह फर्नेस सुचवतोय. कोणी वापरली आहे का?

भट्टीपाशी
मी सिरॅमिकच्या लॅबमध्ये दोन्ही भट्ट्या चालवतो. वेळ वाचतो, हे खरं. पण थंड झिर्कोनिया 2.45 गिगाहर्ट्झच्या लहरी फारशा शोषतच नाही. म्हणून कॅपभोवती सिलिकॉन कार्बाइड ठेवावं लागतं. आधी ते तापतं, त्याच्या धगीने कॅप काही शे अंशांवर गेली की मग ती स्वतः लहरी ओढू लागते. खरी काळजी तिथून पुढे. जितकी तापेल तितकी जास्त शोषते, आणि उष्णता पृष्ठभागावरून निसटत असल्याने गाभा बाहेरच्यापेक्षा गरम राहतो. सुट्या कॅपला हे चालून जातं. लांब ब्रिजमध्ये (एकमेकांना जोडलेल्या दातांच्या ओळीत) जाड पाँटिक (मधला नकली दात) आणि बारीक कनेक्टर (दातांमधले सांधे) एकाच वेळी आकसत नाहीत. एकूण आकसणं वीसेक टक्के, त्यात थोडा फरक पडला तरी ब्रिज मॉडेलवर डुलतो. लांब ब्रिज मी साध्या भट्टीतच लावतो.

माती_आणि_आच
तापमान कशाने मोजता? साधा थर्मोकपल (धातूच्या तारांचा तापमापक) आत घातला तर ठिणग्या उडतात.

भट्टीपाशी
पायरोमीटरने, म्हणजे न शिवता उष्णतेच्या प्रारणावरून. तो फक्त पृष्ठभाग पाहतो, गाभ्याचं काही सांगत नाही. म्हणून प्रत्येक नव्या सायकलनंतर एक तुकडा आधी हवेत, मग पाण्यात तोलून घनता काढतो. 3वाय (3 मोल टक्के यिट्रिया असलेला) झिर्कोनिया 6.05 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरच्या आसपास आला तरच ती सायकल पुढे वापरतो.

दंतलॅब_सांगली
म्हणजे घेऊ नको म्हणता?

भट्टीपाशी
घाई करू नका, एवढंच. विक्रेते मायक्रोवेव्हची जलद सायकल आणि साध्या भट्टीची संथ सायकल शेजारी ठेवतात. ती तुलनाच खोटी. त्यातला बराच वेळ झपाट्याने तापवल्यामुळे वाचतो, आणि छोट्या चेंबरच्या साध्या स्पीड फर्नेसही तसं तापवतात. विक्रेत्याकडे तुमचेच ब्लॉक द्या, एक सुटी कॅप आणि एक चार युनिटचा ब्रिज समोर लावून घ्या. त्याआधी ब्लॉक बनवणाऱ्याने त्या ग्रेडला जलद सायकल चालते असं लिहून दिलंय का, ते पाहा. अतिपारदर्शक ग्रेड घाईत तापवले की अनेकदा दुधाळ दिसतात.