विषय: उत्तर: .३०८ चा तोच लोड, ग्रुप मात्र दुप्पट

नमस्कार मंडळी,
.३०८ रायफलची काडतुसं मी घरीच भरतो. लोड (काडतुसात काय आणि किती भरायचं ते) तोच: तीच १६८ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) बुलेट, तीच पावडर, त्याच लॉटचे प्रायमर (पावडर पेटवणाऱ्या टोप्या), तरी शनिवारी १०० यार्डांवर तीन गोळ्यांचा ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पसारा) दीड इंच आला. त्याआधीचा पाऊण इंच होता, दादांनी पाहिलाय. सीटिंग डेप्थ (बुलेट पितळी केसमध्ये किती आत बसवायची ते) बदलू का? पुढच्या सत्रासाठी भरायला बसायचंय, लवकर कळवा.

---

सीटिंगला हात लावू नकोस, आधी पावडर तोलायचा काटा तपास. इलेक्ट्रॉनिक काटा चालू करून लगेच वजनं घेतली की आकडा सरकत राहतो. अर्धा तास तापू दे, पंखा बंद ठेव आणि दर आठ-दहा चार्जनंतर (चार्ज म्हणजे एका काडतुसाची पावडर) चेक वेट, म्हणजे नेमक्या वजनाचं माप, ठेवून बघ.
– ताई

---

ताई, म्हणूनच मी दांडीचा काटा सोडलेला नाही. त्याला ना वीज लागते, ना मोबाइल जवळ ठेवल्याने तो बिघडतो. फक्त दांडी थांबेपर्यंत धीर धरायचा आणि डोळा काट्याच्या रेषेत ठेवायचा.
– अण्णा

---

अण्णा, चेक वेट दांडीच्या काट्यालाही लागतंच. दांडी ज्यावर टेकते त्या सुरीच्या धारेवर पावडरचा एक कण अडकला तरी दांडी चुकीचं सांगते.
– ताई

---

काट्याचं राहू द्या. ०.१ ग्रेनच्या फरकाने १०० यार्डांवर ग्रुप दुप्पट होत नाही. वेगात सेकंदाला २० फुटांचा फरक पडला तरी १०० यार्डांवर गोळी मिलिमीटरभर वर-खाली जाते. १००० यार्डांवर तोच फरक वीतभर होतो.

माझ्या मते लोड बिघडलेलाच नाही. तीन गोळ्यांच्या ग्रुपवरून लोड ठरवू नका, हे मी इथे कितीदा लिहिलंय. सरासरी एक इंच देणारी रायफल तीन गोळ्यांत कधी अर्धा इंच दाखवते, कधी दीड. गोळ्या वाढल्या की ग्रुपही मोठा होतो: तोच लोड पाच गोळ्यांत तीनपेक्षा सरासरी पाव हिश्श्याने मोठा येतो, दहात दीडपटीहून थोडा जास्त. पाऊण इंचाचा तो एकच कागद प्रमाण धरलास, तर पुढचा प्रत्येक कागद वाईटच दिसेल.

दहा गोळ्या एकाच कागदावर मार, मध्ये नळी निवू दे. मग ग्रुपचा मध्य काढून तिथून प्रत्येक भोकाचं अंतर मोज आणि त्याची सरासरी घे. टोकाच्या दोन भोकांपेक्षा ती जास्त खरं सांगते. त्यानंतरच काय ते बदल, आणि एका वेळी एकच गोष्ट. सीटिंग आणि चार्ज दोन्ही हलवलेस तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.
– नाना

---

नाना, रायफलचं पटलं. पण पिस्तुलवाल्यांचंही कोणी बोला. ९ मिमीची केस तोंडावर हेडस्पेस होते, म्हणजे चेंबरमध्ये तोंडाच्या कडेवर टेकून थांबते, म्हणून टेपर क्रिंप (केसचं तोंड निमुळतं आवळणं), तोही हलकाच. भरल्यावर बुलेट अंगठ्याने दाबून बघा, आत सरकली तर तो राउंड बाजूला काढा. बुलेट आत बसली की दाब झपाट्याने चढतो. आणि बुलेट बसवण्याआधी ब्लॉकमधल्या (केसेस उभ्या ठेवायच्या ठोकळ्यातल्या) सगळ्या केसेसमध्ये टॉर्च मारा. पिस्तुलाच्या बऱ्याच पावडरी केस निम्मीही भरत नाहीत, दुहेरी चार्ज सहज मावतो. याबाबतीत माझ्याकडून कोणालाच सूट नाही.
– दादा

---

दादांच्या मुद्द्याला जोडून: आवाज फुसका आला, धक्का कमी लागला, तर तिथेच थांबा. हत्यार रिकामं करून नळीतून आरपार बघा. आत बुलेट अडकली असेल आणि मागून दुसरी सुटली, तर नळी फाटू शकते.

सत्राच्या लेन मी वाटते, तेव्हा कोणाला किती वेळ लागणार ते मलाच कळवा, परस्पर ठरवू नका. दहा-दहाचे ग्रुप मारणाऱ्यांना शेवटची लेन देईन, म्हणजे नळी निवेपर्यंत कोणाचा खोळंबा होणार नाही.
– वहिनी

---

वहिनी, शेवटची लेन मला द्या. सीटिंग आहे तसंच ठेवतो. नाना, क्रोनो (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) तुमचा आणाल का? काटा तापत ठेवलाय.