गाडीचं गोठलेलं दार: उकळतं पाणी नकोच

थंडीत गाडीचं दार गोठून चिकटलं, तर उकळतं पाणी ओतलं की सुटतं, असं कोणीतरी सांगतं. सुटतं हो, पण उणे वीसमध्ये तेच पाणी दाराच्या कडेच्या रबराच्या फटीत उतरून पुन्हा गोठतं, आणि काच तडकायची भीती वेगळीच.

अमेरिकेत, मिनेसोटातल्या पहिल्याच हिवाळ्यात मी हँडल जोरात ओढलं, ते हातातच आलं! आता आधी दार बाहेरून आत दाबतो, कडेकडेने, तळहाताने. बर्फाचा पापुद्रा कटकन फुटतो, मग ओढायचं.

खरं काम नोव्हेंबरच्या आत उरकायचं. रबर पुसून कोरडं करा, फडक्यावर सिलिकॉन स्प्रे घेऊन हलका हात फिरवा. खालची कड विसरू नका, पाणी तिथेच साचतं. व्हॅसलीन मात्र नको, त्याने रबर हळूहळू खराब होतं.

लॅचचं, म्हणजे दार अडकवून ठेवणाऱ्या खटक्याचं, दुखणं निराळं. आत ओल गोठली की दार उघडतं, पण लागतच नाही, कितीही आपटा. तिथे थोडंसं पांढरं लिथियम ग्रीस. आणि गाडी धुतल्यावर दारांच्या कडा पुसल्याशिवाय ती रात्रभर बाहेर ठेवू नका, माझं दार त्यामुळेच चिकटलं होतं.