मदत हवी आहे: बाबांचा काचबिंदू

मंडळी, आम्ही गुहागरजवळ राहतो. बाबा ६८ वर्षांचे. परवा पडवीत कडेला ठेवलेली भरली कळशी त्यांच्या पायाने सांडली, कडेचं दिसलंच नाही. समोरचं मात्र पेपरातलं बारीक अक्षरही वाचतात. चिपळूणला दाखवलं, डोळ्याचं प्रेशर २८ निघालं. २१ पर्यंत ठीक मानतात. काचबिंदूच. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची, हे ऐकून आई गप्पच झाली.

टिमोलॉलचे थेंब दिलेत, पण बाबांना दमा आहे हे सांगायचं आमच्याकडून राहिलं. दम्याला ते थेंब धोक्याचे, म्हणून आत्ताच डॉक्टरांना फोन लावतोय.

फील्ड टेस्ट (कडेची नजर किती उरली ते बघणारी) आणि ओसीटी (डोळ्याच्या नसेचं स्कॅन) रत्नागिरीत एकाच दिवशी होतात का? लेझर कुणी करून घेतलंय का? आत्यालाही काचबिंदू होता, म्हणजे मीही तपासून घ्यायलाच हवं ना?